जुन्या ॲम्बेसेडरचा सायलेन्सर घरी बसवताना

थंडीत काचा लावून गाडी चालवली की मागच्या सीटवर बसलेल्या आईचं डोकं दुखायचं. उन्हाळ्यात काचा उघड्या असायच्या, तेव्हा काही नाही. आम्ही ते तिच्या वयावर, प्रवासावर, रिकाम्या पोटावर ढकलत राहिलो. मग एका डिसेंबरात वर्ध्याहून येताना मागे बसलेल्या माझ्या भाच्याचंही डोकं जड झालं, त्याला मळमळायला लागलं. तो विशीतला, धडधाकट पोरगा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुखणं माणसांचं नाही, गाडीचं आहे. एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, कुठेतरी फुटलाय आणि त्यातला वायू फटीतून आत येतोय.

गाडी 1984 ची ॲम्बेसेडर मार्क फोर, 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन. धंतोलीतल्या एका डॉक्टरांच्या घरून मी ती घेतली. नागपूरकरांना या गाडीचं कौतुक सांगायला नको. हिवाळी अधिवेशन आलं की विधानभवनाच्या आसपास पांढऱ्या ॲम्बेसेडरच्या रांगा लागायच्या, त्या बघतच आमची पिढी मोठी झाली. 2014 मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं आणि तेव्हापासून जी गाडी चालू आहे ती जपायची, एवढंच हातात उरलं. माझी गाडी अजून पन्नास वर्षांची नाही, त्यामुळे 2021 च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून तिची नोंद होत नाही. पण एक दिवस होईल, आणि तोवर तिच्यातलं मूळचं जे आहे ते मूळचंच राहावं असं मला मनापासून वाटतं.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल आधी लिहिते, कारण हे काम मी आवाजासाठी केलेलं नाही. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. धुराचा जो वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा आणि इतर वायूंचा. तो आला नाही म्हणजे मोनॉक्साइड नाही असं नसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग गुंगी. जुन्या गाडीत विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, म्हणजे इंजिनातून जे निघतं ते तसंच पाइपातून जातं. तुमच्या जुन्या गाडीत काचा बंद केल्यावर कुणाचं डोकं दुखत असेल तर बाकीची सगळी कामं बाजूला ठेवा आणि गाडीखाली वाकून बघा.

मी हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पाने, वेल्डिंग, गॅस्केट हे रोजचंच. तरी गाडीचं काम एकटीनं करायचं नाही, हे ठरवलं होतं. आमच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक मिस्त्रीकाका जवळच राहतात. त्यांनी तरुणपणी ॲम्बेसेडरच उघडल्या आणि जोडल्या. ते म्हणाले, "ताई, मी खुर्चीवर बसून सांगतो, गाडीखाली तुम्ही जा." पुढे त्यांना खुर्ची फार मानवली नाही, पण ते नंतर.

गळती शोधायला महागडं काही लागत नाही. सकाळी इंजिन थंड असताना गाडी चालू केली. भाच्यानं मागे टेल पाइपच्या तोंडाशी ओल्या गोणपाटाचा जाड बोळा हातमोजे घालून क्षणभर दाबून धरला. पाइप धड असेल तर दाब वाढून इंजिन गुदमरतं आणि बंद पडायला येतं. आमचं इंजिन आरामात चालत राहिलं, आणि गाडीखालून 'फुस्स' असा आवाज सुरू झाला. तो आवाज तीन ठिकाणांहून येत होता. इंजिन बंद केल्यावर टॉर्च घेऊन पाहिलं, तर प्रत्येक ठिकाणी काजळीचा काळा ठसा उमटलेला. गळतीची ही खरी सही. नंतर खात्रीसाठी व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून टेल पाइपातून हवा सोडली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं. जिथे फेस फुगला तिथे खडूनं खूण केली. ही दुसरी पद्धत मला जास्त आवडते, कारण इंजिन बंद असतं आणि निवांत बघता येतं.

एक गळती मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या फाटे असलेल्या नळीच्या, गॅस्केटला होती. गॅस्केट म्हणजे सांध्यातली फट बुजवणारी चकती. या इंजिनात हवा आत घेणारा इनटेक आणि धूर बाहेर टाकणारा एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर बसतात. चार सिलिंडर, पण धुराची भोकं तीनच: टोकाच्या दोन सिलिंडरांना स्वतंत्र आणि मधल्या दोघांना मिळून एक. मधल्या भोकावर दोघांचा भार, आणि आमचं गॅस्केट जळालं होतं ते नेमकं तिथेच. ॲक्सिलरेटर सोडला की मागून जे फट् फट् फटाके वाजायचे त्याचंही मूळ इथेच होतं. गळक्या जागेतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पाइपात शिल्लक राहिलेलं पेट्रोल तिच्यामुळे पेट घेतं. दुसरी गळती सायलेन्सरच्या पोटाशी, शिवणीवर. तिसरी मागच्या ॲक्सलवरून कमान करून जाणाऱ्या पाइपाला, आणि ती सगळ्यात वाईट. तिथे आधीच्या कुणा गॅरेजवाल्यानं सडका तुकडा कापून नळाचा जीआय पाइप (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप) वेल्ड केला होता.

जीआय पाइपाबद्दल थोडं रागानंच लिहिते. त्यावरचा जस्ताचा थर 907 अंश सेल्सिअसला उकळतो आणि लोखंड वितळायला जवळपास 1500 अंश लागतात. म्हणजे वेल्डिंग करताना जस्ताची वाफ होणारच. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. वेल्डर लोकांना तो ताप चांगला ओळखीचा आहे, आणि दूध पिऊन तो टळतो हा समज आजही कारखान्यात ऐकू येतो. टळत नाही. शिवाय त्या पाइपाचे आटे, त्याची जाडी, त्याचं वजन, यातलं काहीच गाडीसाठी नाही. स्वस्त पडतो म्हणून तो घालायचा आणि वेल्डरनं रात्री कुडकुडायचं, हा सौदा मला पटत नाही.

काय ठेवायचं आणि काय बदलायचं यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) मॅनिफोल्ड ठेवायचा, हे मी आधीच ठरवलं होतं. बीड चाळीस वर्षं तापून-थंडावून बसलेलं असतं, त्याला तडा नसेल तर ते नव्यापेक्षा भरवशाचं. सायलेन्सर नवा घ्यायचा. पाइप मात्र आपण वाकवायचा, कारण बाजारात जो तयार मिळाला त्याची कमान ॲक्सलला घासत होती. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी सुचवलं की आता करतेच आहेस तर मोठ्या व्यासाचा पाइप टाक, गाडी पळेल. या इंजिनाला त्याचा उपयोग नाही. ॲम्बेसेडर कमी वेगावरच्या ओढीसाठी बनलेली. त्या वेगावर अरुंद पाइपात धुराचा झोत जोरात धावतो आणि मागच्या धुरालाही ओढून नेतो. पाइप उगाच मोठा केला की तो झोत मंदावतो, आवाज घुमतो, आणि मूळची गाडी हरवते ती वेगळीच.

सायलेन्सर बाहेरून नव्हे, आतून सडतो. पेट्रोल जळतं तेव्हा पाणी तयार होतं, एक लिटर पेट्रोलामागे साधारण तेवढंच पाणी, वाफेच्या रूपात. गाडी लांब चालली तर पाइप तापतो आणि वाफ बाहेर पडते. घरापासून बर्डीपर्यंत आणि परत, एवढंच चालवलं तर सायलेन्सर तापतच नाही. वाफेचं पाणी होऊन तळाशी साठतं, त्यात पेट्रोलातल्या गंधकाचं आम्ल मिसळतं आणि पत्रा आतून खात बसतं. जुना सायलेन्सर मी ग्राइंडरनं उभा चिरून पाहिला. वरचा अर्धा भाग जवळपास शाबूत. खालच्या अर्ध्यात आतल्या पडद्यांचा नुसता भुगा, आणि भोकं पाडलेली मधली नळी एका बाजूनं लोंबकळत होती. ते कप्पे ध्वनीच्या लाटा परतवून एकमेकींवर आदळवतात आणि त्यामुळे आवाज मरतो. ते गळून पडले की सायलेन्सर म्हणजे नुसता डबा.

गाडी उचलताना घाई नाही. पोर्चची फरशी सपाट होती हे नशीब. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी उटी लावली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, मागचा भाग जॅकनं उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडांवर) ठेवला आणि खाली जाण्याआधी गाडीला खांद्यानं जोरात ढकलून पाहिलं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही, एका नटासाठीही नाही. चष्मा घातला, कारण खाली झोपल्यावर गंज सरळ डोळ्यात पडतो. जुन्या गॅस्केटात आणि दोऱ्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ते कोरडं खरवडायचं नाही. पाणी शिंपडून, मास्क लावून, ओलं असतानाच काढून पिशवीत बांधून टाकलं.

आता नट. या कामाचा निम्मा जीव इथे आहे.

ॲम्बेसेडर मूळची इंग्लंडातल्या मॉरिसच्या घराण्यातली, त्यामुळे तिचे नट-बोल्ट इंची आहेत. मॅनिफोल्डचे स्टड (हेडमध्ये बसवलेले बिनडोक्याचे बोल्ट) 5/16 इंचाचे आणि त्यांच्यावरच्या नटांना पाना लागतो अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुताचा. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. हाताशी 13 चा पाना असतो, तो लागतोही, आणि तिथेच घात होतो. ती पाव मिलिमीटरहून जास्तीची ढिलाई गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकते. एकदा नट गोल झाला की पुढचं सगळं छिन्नीनं. मिस्त्रीकाकांनी त्यांच्या पेटीतला इंची रिंग पाना काढून दिला, सहा कोनांचा, बारा कोनांचा नाही. म्हणाले, "ताई, नट मेला तं दुसरा भेटते. स्टड तुटला तं समजा पंचाईत झाली. जोर नका लावू, त्याले समजवा."

समजवायचं म्हणजे असं. आधी वायर ब्रशनं स्टडचे उघडे आटे साफ केले. मग गंज सोडवणारं तेल मारलं, संध्याकाळी परत मारलं, सकाळी परत. मग नटावर छोट्या हातोडीनं टकटक, जोरात नाही, कंप पोचेल इतकीच. एवढं करूनही जे हलले नाहीत त्यांना गॅसच्या ज्योतीनं तापवलं. हेड बिडाचं आहे म्हणून हे चालतं. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर ज्योत लावताना दहादा विचार करा. तापलेल्या नटाच्या कडेला मिस्त्रीकाकांनी साधी पांढरी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं, थोडा धूर निघाला. मग पाना घालून आधी घट्ट करण्याच्या दिशेनं किंचित, मग सोडण्याच्या दिशेनं किंचित, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. बारीक 'कुर्र' असा आवाज आला आणि नट फिरला. तो आवाज ऐकला की खांदे आपोआप खाली येतात.

एक स्टड हेडजवळ तुटलाच. वय झालेला होता, मधून कातरल्यासारखा बारीक झाला होता. मिस्त्रीकाका खुर्ची सोडून आले. तुटक्या बुंध्यावर एक मोठा नट ठेवून आतून वेल्डिंगनं भरला, लाल असेपर्यंत थांबले, रंग उतरला तसा पाना लावून फिरवला. वेल्डिंगच्या उष्णतेनं स्टड ढिला होतो आणि वर पाना धरायला नवा नट मिळतो, अशी दुहेरी युक्ती. बुंधा अलगद बाहेर आला. भोकातल्या आट्यांत टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला आणि सगळेच स्टड नवे टाकले. नट पितळेचे घेतले. पितळ लोखंडाशी गंजून एकजीव होत नाही, पुढच्या वेळी जो कुणी ही गाडी उघडेल त्याला त्रास होणार नाही.

मॅनिफोल्ड बाहेर काढल्यावर तडा तपासायची घरगुती रीत आहे. आतून-बाहेरून साफ करून त्यावर रॉकेल चोपडलं, तासाभरानं कोरडं पुसलं आणि खडूची भुकटी पातळ चोळली. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर झिरपून काळी रेघ उमटते. आमच्या मॅनिफोल्डवर रेघ उमटली नाही. उमटली असती तर ते बीड आधी सगळं तापवून, निकेलच्या रॉडनं जोडून, राखेत पुरून सावकाश थंड करावं लागलं असतं, आणि ते मी घरी केलं नसतं. मग फ्लँजच्या (जोडाच्या चपट्या कडांच्या) तोंडांवर पोलादी पट्टी आडवी ठेवून फट मोजायचा फीलर गेज घातला. टोकाचं तोंड थोडं उचललेलं निघालं. हिंगण्यातल्याच एका ओळखीच्या वर्कशॉपमधून फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट तासून आणलं. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच गॅस्केटवर बसतात आणि काही नटांचे वॉशर दोघांनाही एकदम दाबतात. एकाचा फ्लँज दुसऱ्यापेक्षा जाड राहिला तर वॉशर तिरका बसतो, जाड फ्लँज दाबला जातो आणि पातळ सैल राहतो. म्हणून दोन्ही जाड्या मोजून सारख्या करून घेतल्या. नवं गॅस्केट टाकूनही महिन्याभरात पुन्हा फुंकर मारणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं कारण हे असतं, आणि बिचाऱ्या गॅस्केटला शिव्या बसतात.

पाइप आणला इतवारीतल्या लोहा ओळीतून. साधा काळा माइल्ड स्टीलचा, 16 गेजचा, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर जाड. स्टेनलेसचाही विचार केला होता. 304 ग्रेड गंजत नाही, आयुष्यभर पुरतो, पण आवाज जरा पत्र्यासारखा येतो आणि घरच्या आर्क मशीनवर पातळ स्टेनलेस जोडणं सोपं नाही. मूळचा पाइप माइल्ड स्टीलचाच होता, तोच ठेवला.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग: पाइप वाकवणं. पोकळ पाइप नुसता तापवून वाकवला तर आतल्या बाजूला चपटतो, सुरकुत्या पडतात. म्हणून त्यात रेती भरायची. आधी 6 मिलिमीटरची सळई गाडीखाली धरून ॲक्सलवरून, स्प्रिंगच्या बाजूनं, पेट्रोलच्या टाकीपासून लांब, हवी तशी वळवून घेतली. तो आमचा नमुना. रेती कन्हानची, बारीक चाळणीनं चाळून घेतली. आणि ती भाजायची. हे टाळायचं नाही. ओलसर रेती बंद पाइपात तापली तर तिची वाफ होते आणि टोकाची खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. अंगणात विटांची चूल मांडून लोखंडी कढईत रेती भाजली. आई बाहेर येऊन बघत होती. तिनं न विचारता स्टीलची थंड ताटली आणून कढईवर उपडी धरली. ताटलीला आतून धुकं धरलं. "अजून ओली हाय," म्हणाली. परत भाजली, परत ताटली. ताटली कोरडी निघाली तेव्हाच रेती पाइपात भरली.

भरतानाही थोडी थोडी, आणि दर थोड्या वेळानं पाइपाला लाकडी दांड्यानं ठोकत, म्हणजे ती दबून बसते. ठोकताना आधी पोकळ घुमतं, भरत आलं की आवाज बोथट होतो. दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या ठोकल्या. त्यातल्या एकीला बारीक भोक ठेवलं, राहिलीच थोडी वाफ तर जायला वाट. मिस्त्रीकाकांनी आपला ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा सेट आणला होता. वाकवायची जागा मंद लाल झाली की भाचा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, एका दमात नाही, हळूहळू. वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तीन-चार पट तरी ठेवली. बाहेरची बाजू ताणून पातळ होते, म्हणून ज्योत आतल्या बाजूला जास्त द्यायची. वाकवून झालं की सळईच्या नमुन्याशी ताडून बघायचं, कमी असेल तर पुन्हा लाल. पाण्यात बुडवायचा नाही, हवेवर थंड होऊ द्यायचा. रेती ओतून काढल्यावर आतून टॉर्च मारला तर शेवटपर्यंत गोल उजेड. भाच्यानं तो पाइप दुर्बिणीसारखा डोळ्याला लावून शेजारच्यांनाही दाखवला.

हे सगळं आम्ही फेब्रुवारीत केलं. मे महिन्याच्या नवतपात पोर्चमध्ये ज्योत घेऊन बसायची कुणाची छाती आहे?

वेल्डिंग पाइप गाडीबाहेर ठेवूनच केलं. गाडीखाली झोपून, पेट्रोलच्या टाकीशेजारी आर्क मारणं मी कधीच करणार नाही, तुम्हीही करू नका. गाडीत पाइप नुसता अडकवून खडूनं आडव्या रेघा मारल्या, बाहेर काढून रेघा जुळवल्या, चार बाजूंना टाके मारले, पुन्हा गाडीत धरून पाहिला, आणि बसतोय याची खात्री झाल्यावर पूर्ण जोड भरला. 1.6 मिलिमीटरच्या पत्र्याला जाड रॉड चालत नाही, लगेच भोक पडतं. बारीक रॉड, कमी अँपिअर, आणि एका जागी फार थांबायचं नाही. समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून भरायचं म्हणजे पाइप एकीकडे ओढला जात नाही.

रंग उष्णता सोसणारा, 600 अंशांचा. वायर ब्रश आणि थिनरनं पाइप पूर्ण साफ करून पातळ दोन हात दिले. हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, तापून पक्का होतो.

बसवताना मिस्त्रीकाकांचं एकच पालुपद होतं: "पाइप टांगला पाह्यजे, आवळला नाई पाह्यजे." या एका वाक्यासाठी मी हा सगळा लेख लिहिला असता तरी चाललं असतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रेस दिली की ते कुशीवर डोलतं आणि फ्रंट पाइप त्याच्याबरोबर डोलतो. बॉडी डोलत नाही. दोघांच्या मधला हिशोब सांभाळतात ते रबरी पट्टे. ते पट्टे ताणून बसवले, किंवा पाइप ओढूनताणून क्लॅम्पमध्ये डांबला, तर प्रत्येक धक्का सरळ मॅनिफोल्डच्या स्टडांवर जातो. स्टड तुटायचं, फ्लँजला तडा जायचं, गॅस्केट फुंकायचं मूळ पुष्कळदा मागच्या एका आखडलेल्या पट्ट्यात असतं. आमच्या गाडीत मधला पट्टा तुटला होता आणि त्या जागी तार पिळलेली होती. पुढचा स्टड का कातरला गेला याचं उत्तर मला त्या तारेत मिळालं.

म्हणून आधी सगळं सैल बसवलं. मॅनिफोल्ड, फ्रंट पाइप, सायलेन्सर, टेल पाइप, सगळे नट फक्त हातानं. मग गाडी घोड्यांवरून उतरवून चाकांवर उभी केली. घोड्यांवर मागचा ॲक्सल लोंबतो, त्या अवस्थेत पाइप आवळला तर चाकांवर आल्यावर सगळं अंतर बदलतं. डिक्कीत गव्हाची पोती टाकली, मागच्या सीटवर भाचा आणि त्याचे मित्र बसवले, स्प्रिंगा दबल्या. आता मी टॉर्च घेऊन वाकून पाहिलं की ॲक्सल आणि पाइपाच्या कमानीत इंचभर तरी जागा उरते का. उरली. ब्रेकचा पाइप, पेट्रोलची लाइन, हँडब्रेकची केबल, सगळ्यांपासून पाइप लांब आहे ना तेही पाहिलं. मग पुढून मागे एकेक जोड आवळत आलो. मॅनिफोल्डचे नट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत, आवळायचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं 15 फूट-पाउंडांवर थांबून. ही संख्या लहान वाटते, हात अजून जोर द्यायला शिवशिवतात, पण गॅस्केटला सगळीकडे सारखा दाब हवा असतो, जास्त दाब नको असतो.

गाडी चालू केली तेव्हा पहिली काही मिनिटं रंगाचा आणि तेलाचा धूर निघाला. ती उघड्यावर, लोकांना लांब ठेवून, स्लोवर चालू ठेवली, थंड होऊ दिली, मग जास्त वेळ, पुन्हा थंड. दुसऱ्या दिवशी सगळे नट पुन्हा तपासले. मॅनिफोल्डचे जवळपास सगळेच किंचित फिरले. नवं गॅस्केट पहिल्यांदा तापल्यावर दबतं, म्हणून ही दुसरी फेरी लागतेच. गोणपाटाचा बोळा पुन्हा लावला. या वेळी फुस्स नाही, इंजिन गुदमरून बंद पडलं. मिस्त्रीकाका टाळ्या वाजवत उठले.

पीयूसीला एक गंमतशीर गोष्ट कळली. जुन्या, भारत स्टेज टूच्या (प्रदूषणाच्या नियमांचा एक टप्पा) आधीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. फुटक्या सायलेन्सरवर माझी गाडी सहज पास व्हायची. आता पाइप सगळीकडून बंद, तर आकडा वर गेला! आधी फटींमधून आत शिरणारी हवा धुरात मिसळून आकडा पातळ करत होती, म्हणजे कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल पाजतोय हे इतकी वर्षं झाकलं गेलं होतं. मिश्रण थोडं लीन, म्हणजे कमी पेट्रोलाचं, करून घेतलं आणि गाडी मर्यादेच्या बरीच आत आली. पेट्रोलही कमी लागतंय.

मागच्या सीटजवळ आता बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवते. काचा पूर्ण बंद करून काटोल रोडनं जाऊन आले, तो वाजला नाही आणि आईनंही डोक्याची तक्रार केली नाही. एक काम मात्र राहिलंय. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि टेल पाइपातून निघालेला धूर डिक्कीच्या फटीतून आत ओढला जाऊ शकतो, पाइप धड असला तरी. डिक्कीचं रबरी बीडिंग जागोजागी कडक होऊन फाटलंय. ते मागवलं आहे, पुढच्या रविवारी बसवणार. आणि दर पंधरवड्याला गाडी रामटेकपर्यंत न्यायची असं ठरलंय, म्हणजे सायलेन्सर पूर्ण तापेल आणि आतलं पाणी उडून जाईल.